मिस्टर क्वोक आमच्याकडेच का उतरतात

“मिस्टर क्वोक, गावात एवढी हॉटेलं असताना तुम्ही आमच्याच घरी का उतरता?”

हा प्रश्न त्यांना तोंडावर विचारून दाखव, अशी पैज टीगन आणि लोरेली ह्या माझ्या मैत्रिणींनी माझ्याशी लावली होती. नाही विचारला तर महिनाभर शाळेच्या कॅन्टीनमधले माझे चिप्स त्या खाणार. खरं तर पैजेची गरजच नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीत नाव पुकारलं तरी माझे कान लाल व्हायचे. मग शाळेच्या वादविवादात मी बारावीतल्या दोघांना निरुत्तर केलं, आणि तेव्हापासून गप्प बसणं मला जमेनासंच झालं. आई म्हणते, “नेवेनाचं झाकण उडालंय.”

प्रश्न तसा रास्त होता. मिस्टर क्वोक हाँगकाँगचे. दर हिवाळ्यात ओपलची रत्नं विकत घ्यायला आमच्या गावी, कूबर पेडीला येतात. बाकीचे व्यापारी मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलात खिडकीची खोली घेतात, दारावर पाटी लावतात आणि बसून राहतात. खाणवाले ओपलने भरलेल्या आपापल्या बरण्या घेऊन त्यांच्याकडे जातात. ओपल दिव्याखाली कसाही दिसू शकतो, त्याची खरी किंमत दिवसाच्या उजेडातच कळते. म्हणून ह्या धंद्यात आधी खिडकी बघायची, मग पलंग.

आणि आमचं घर टेकडीच्या पोटात कोरलेलं. पुढच्या दाराशी असेल तेवढाच उजेड. पाहुण्यांची खोली तर सगळ्यात आत, बोळाच्या टोकाला. तिच्या तीन बाजूंना नुसता खडक. खिडकी नाही, छतात हवेसाठी वरपर्यंत पाडलेला ताटलीएवढा झरोका तेवढा आहे. तरी मिस्टर क्वोक आमच्याकडेच. रोज सकाळी घडीचं टेबल उचलून बाहेर पत्र्याखाली न्यायचं, माशा हाकत दगड बघायचे, ऊन उतरलं की टेबल परत आत.

ती खोली ताताने, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः खोदली. गावात खाण खोदायला बंदी, म्हणून घर मोठं करतोय असं सांगून भिंत फोडायची आणि मनातून ओपलची वाट बघायची, हे इथे सगळेच करतात. आमच्या भिंतीतून ओपल निघाला नाही, म्हणून पाहुण्यांची खोली निघाली. इंटरनेटवरची जाहिरात मात्र माझी. ‘कामासाठी आलात म्हणून घराला मुकायला हवं असं नाही.’ आईला ते वाक्य फार आवडतं. सोलरवाले इंजिनियर, दातांचे डॉक्टर, शाळेच्या तपासणीला येणारे साहेब, हॉटेल सोडून आमच्याकडे कितीतरी लोक येऊन गेले. चादरी बदलायचं काम माझं, पाहुण्यांशी बोलायचं कामही आता माझंच.

त्या आठवड्यात घरात आणखी एक विषय चालू होता. अ‍ॅडलेडच्या एका शाळेने मला शेवटच्या दोन वर्षांसाठी घेतलं होतं, राहणं-खाणं त्यांच्याकडून. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं होतं. मला जायचं होतं. इतकं, की मनातल्या मनात माझी बॅगसुद्धा भरून झाली होती. पण मी एकुलती एक. विषय निघाला की आई रडायची. ताता रडत नाही, तो उठून गाडी पुसायला जायचा. आमच्या गावात गाडी पुसण्याइतकं निरर्थक काम दुसरं नाही, दाराबाहेर काढली की धुळीने लाल होते. त्याची गाडी त्या आठवड्यात आरशासारखी चमकत होती. त्यामुळे मी तोंडाने ‘जाते’ असं अजून म्हटलं नव्हतं, आणि त्या दोघी सोडून बाहेर कुणाला सांगितलंही नव्हतं.

तर, प्रश्न. शाळा सुटल्यावरची वेळ. मिस्टर क्वोक पत्र्याखाली बसून एक दगड दोन बोटांत धरून सावकाश फिरवत होते. टीगन आणि लोरेली फोनमध्ये डोकं घालून पायरीवर बसल्या होत्या आणि काहीही वाचत नव्हत्या.

“इथे झोप चांगली लागते,” मिस्टर क्वोक म्हणाले.

टीगन खाकरली. हे उत्तर धरणार नाही, असा त्याचा अर्थ.

“झोप हॉटेलातही लागते,” मी म्हणाले. “शिवाय तिथे खिडकी आहे. टेबलाची हमाली नाही. खरं कारण सांगा ना, मला जाहिरातीत घालायचंय.”

ते हसले. दगड कापडावर ठेवला. “जाहिरातीत नका घालू. हॉटेलात मी कितीही वेळा गेलो तरी आधी पासपोर्ट मागतात. इथे रोज सकाळी कुणीतरी माझं असं स्वागत करतं, की जणू मी आत्ताच दारात आलोय. चमचाभर मुरंबा, पेलाभर पाणी. माझ्या वयाच्या माणसाला ते बरं वाटतं, मिस नेवेना.”

“आई देते तो?”

“आई पहिल्या दिवशी देतात. नंतर रोज तुमची थोरली बहीण.”

लोरेली फुस्सकन हसली. “थोरली बहीण! कुठे लपवून ठेवलीस गं?”

“तिला पण ओपलसारखं खोदून काढायला लागेल,” टीगन म्हणाली.

मीही हसले. मिस्टर क्वोक हसले नाहीत. त्यांना वाटलं, आम्ही त्या बहिणीची टिंगल करतोय. थोडं रागावूनच म्हणाले, “शांत मुलगी आहे. तुमच्यापेक्षा उंच, केस इथपर्यंत. हनुवटी अगदी तुमची. इतक्या वर्षांत एक शब्द बोलली नव्हती. ह्या वेळी पहिल्यांदा बोलली.”

“काय बोलली?”

“नेवेना अ‍ॅडलेडला जाणार, म्हणाली. खूश दिसत होती.”

टीगनने फोन खाली ठेवला.

मी त्या दोघींकडे बघितलं. दोघींनी एकदमच माना हलवल्या, आम्ही नाही सांगितलं. मिस्टर क्वोकनी दगड परत उचलला. थोड्या वेळाने, बोलण्याचा रोख बदलावा म्हणून, ते म्हणाले, “पाणी मात्र जरा खारट असतं. मी पितो. तिचं मन मोडवत नाही.”

मी विचार करणारी मुलगी आहे. पत्र्याखालून घरात शिरता शिरताच मी कारणं लावून टाकली होती. आई-ताता माझ्यावरून बोलत असतात. झरोक्यांतून आवाज ह्या खोलीतून त्या खोलीत जातो, हे लहानपणापासून माहीत आहे. ते मिस्टर क्वोकनी ऐकलं असणार. म्हातारा माणूस, परमुलुख, अंधारी खोली, पहाटेचं अर्धवट स्वप्न. झालं.

आईला मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती पीठ मळत होती.

“आई, पाहुण्याला मुरंबा रोज दिला तर?”

“रोज?” ती थांबली. “असं कसं करशील? मुरंबा-पाणी उंबरठ्यावर आलेल्याला एकदाच. उद्या परत दिलास म्हणजे त्याला म्हटल्यासारखं होईल, की कालपासून तू इथे होतास हे आम्ही धरतच नाही. तुझी आजी हाणायची अशा चुकीला. सर्ब पोरगी असून एवढं माहीत नाही होय?”

“माहीत आहे. नुसतं विचारलं.”

“नुसतं विचारलं म्हणे. चेरीची बरणी तळाला गेलीय ती पण नुसतीच गेली असेल. चोरटी!” तिने पिठाचं बोट माझ्या नाकाला लावलं.

मला चेरीचा मुरंबा आवडत नाही. हे तिला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी त्या चुकीबद्दल विचार करत बसले. आमच्या घरात वाढलेलं कुणीही ती चूक करणार नाही. बाहेरच्याला तर मुरंबा-पाण्याची रीतच ठाऊक नसते. म्हणजे जिने हे केलं तिने ते फक्त बघितलेलं होतं. आई देते, पाहुणा हसतो, एवढंच. कधी द्यायचं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मग मला माझंच हसू आलं. ‘तिने’ म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले आणि बोळात स्टूल टाकून बसले. बोळ लांब नाही. एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला पाहुण्यांचं दार, मध्ये एक दिवा. भिंतींवर खोदयंत्राच्या दातांचे अर्धगोल ओरखडे आहेत, एकावर एक, माशाच्या खवल्यांसारखे. वरून पातळ गोंद फासलेला असतो, माती झडू नये म्हणून. दिव्याच्या उजेडात तो ओला दिसतो. मी इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेतलं होतं. वाचलंही. स्वयंपाकघरातून कुणी आलं नाही. माझ्यासमोरून कुणी गेलं नाही. ताताचं घोरणं आणि फ्रिजची घरघर, दुसरा आवाज नाही.

दार उघडलं. मिस्टर क्वोक रुमालाने ओठ टिपत बाहेर आले. मला बघून थबकले.

“तुम्हीही लवकर उठता?”

“आज उठले. तुम्हाला... मिळालं का?”

“हो, हो. आत्ताच गेली ना?” त्यांनी माझ्या मागे, मोकळ्या बोळाकडे बघितलं. “चुकामूक झाली वाटतं.”

त्यांच्या खोलीला दुसरं दार नाही.

ते टेबल उचलायला वळले तेव्हा मी आत डोकावले. पलंगाशेजारी आमचा निळा ट्रे होता. त्यावर चमचा, रिकामा पेला. चमच्यावर लाल डाग. मी ट्रे स्वयंपाकघरात नेला आणि धुतला. कुणाला काही बोलले नाही. काय बोलणार होते? पाहुण्याला कुणीतरी चांगलं वागवतंय, अशी तक्रार?

शनिवारी मिस्टर क्वोक निघाले. ताता त्यांना विमानतळावर सोडायला गाडी काढत होता. सोडायला जाण्यासाठीच जणू ती पुसली होती. त्यांनी मला वाकून निरोप दिला, नेहमीसारखा.

“पुढच्या हिवाळ्यात भेटू,” मी म्हणाले.

“तुम्ही अ‍ॅडलेडला असाल. पण हरकत नाही,” ते म्हणाले, अगदी प्रेमाने. “घर काही बदलणार नाही.”

दुपारी मी खोली आवरायला गेले. झरोक्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडतो, तेवढा वेळ दिवा लावावा लागत नाही. चादरी काढल्या, उशीचे अभ्रे काढले. पलंगाच्या मागे एक पेला सापडला. आदल्या कुठल्यातरी दिवसाचा असावा, तळात पाणी वाळून गेलं होतं. आतल्या बाजूला पांढरं कडं. मी नखाने खरवडलं आणि जिभेला लावलं. मीठ.

आमच्या नळाला शुद्ध केलेलं पाणी येतं, गावातल्या सगळ्यांच्याच. खारं पाणी खाली असतं, खडकाच्या पोटात, खूप खोल. लहानपणी एकदा ताताने चाखवलं होतं.

मी पेला ट्रेवर ठेवला. मग भिंतीकडे बघितलं.

पलंगासमोरच्या भिंतीवर, खालपासून वरपर्यंत, एका माणसाच्या रुंदीचा पट्टा होता. तिथे यंत्राचे ओरखडे नव्हते. खवले घासून घासून जावेत तसा खडक गुळगुळीत झाला होता. मी ही खोली दर आठवड्याला झाडते. ते मला कधी दिसलं नव्हतं, की मी बघितलं नव्हतं, सांगता येत नाही.

मी पाठ लावून उभी राहिले. खांदा जिथे टेकायला हवा तिथली झीज माझ्या खांद्याच्या वर होती. टाचांच्या जागी दोन उथळ खोलगे. माझ्या टाचा त्यांत बसल्या.

भिंत गार नव्हती, गरमही नव्हती. इथल्या भिंती बारा महिने सारख्याच असतात.

तिथून बोळ सरळ दिसतो. दार उघडं असेल तर स्वयंपाकघरातलं टेबलसुद्धा. माझी खुर्ची.

मी चादरी तशाच टाकल्या आणि टीगनच्या घरी गेले.

टीगनचं घर जमिनीवर आहे, चार भिंती, चार बाजूंना खिडक्या. मी तिथेच झोपले. रविवारी सकाळी उशिरा उठून आम्ही तिघींनी अंडी-टोस्ट खाल्ले. मी त्यांना पट्ट्याबद्दल सांगितलं, पेल्याबद्दल सांगितलं. लोरेलीने हातावरचे केस उभे राहिलेले दाखवले. टीगन म्हणाली, “तुला काय, तू तर चाललीस. उद्या कळवायचंय ना? मग आजच सांग आणि सूट.”

“आई रडेल.”

“रडू दे. माझी आई टीव्हीवरच्या जाहिरातीलाही रडते.”

बरोबर होतं ते. आम्ही सराव केला. लोरेली आई झाली, टीगन ताता झाली आणि चादरीने खिडकी पुसायला लागली. मी खुर्चीवर उभी राहून वाक्य म्हटलं. दोघींनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना मी रस्ताभर ते वाक्य मोठ्याने म्हणत होते, आणि दर वेळी ते आधीपेक्षा सोपं होत होतं.

दाराबाहेरूनच मला हसण्याचा आवाज आला.

ताता हसत होता. किती आठवड्यांनी, कोण जाणे. मी आत गेले. दोघं टेबलाशी बसले होते. समोर कॉफीचे कप. आईचे डोळे लाल होते, पण चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ.

“ये गं,” ती म्हणाली. “परत बाहेर कधी गेलीस? मला वाटलं आत आवरतेस.”

“मी टीगनकडे होते. कालपासून.”

“हो, कालची तिकडे होतीस. मग पहाटे आलीस ना. आम्हाला उठवायच्या आधी कॉफी केलीस.” तिने ताताच्या दंडाला कोपर मारलं. “आणि ह्याच्या कपात साखर घातलीस, वेडे. ह्याने जन्मात साखर घेतली नाही. पण प्यायला बघ, तोंडातून चकार शब्द नाही. मी म्हटलं, आज पोरीने विष दिलं तरी घेईल हा.”

“छान होती,” ताता म्हणाला. “गोड.”

मी खुर्चीची पाठ धरली.

“काय म्हणाले मी?”

“आता परत ऐकायचंय होय आमच्याकडून?” आई हसली. “इथे उभी राहिलीस, माझे हात धरलेस. म्हणालीस, ‘मी इथेच आहे.’ बस, एवढंच. मी रडले, हा रडला.”

“मी नाही रडलो.”

“नाक कोणाचं गळत होतं मग?”

ते दोघं एकमेकांकडे बघत होते. मी त्यांना असं बघितलं नव्हतं, निदान अ‍ॅडलेडच्या शाळेचं पत्र आल्यापासून तरी नाही. मला वाटलं, सांगावं. ती मी नव्हते. पण तोंड उघडल्यावर सराव केलेलंच वाक्य बाहेर आलं. ते आता इतकं सोपं झालं होतं.

“आई, ताता, मी जातेय. अ‍ॅडलेडला.”

मी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ती रडली नाही.

“जा ना, बाळा,” ती म्हणाली. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. “शिकून मोठी हो.”

ताता उठला नाही. गाडीकडे गेला नाही. त्याने कप उचलला आणि तळातला शेवटचा घोट घेतला.

“आमची नको काळजी करू,” तो म्हणाला. “आम्ही काय, एकटे थोडेच आहोत.”

बोळाच्या टोकाला, पाहुण्यांच्या खोलीत, कुणीतरी चादर झटकली. एकदा. मग दुसऱ्यांदा, कोपरे धरून, मी झटकते तशी.

दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही.

मी तिकडे बघितलं नाही. आईचे दोन्ही हात धरले. बोलले त्या दोघांशीच, पण आवाज बोळाच्या टोकापर्यंत पोचेल इतका मोठा ठेवला.

“नाही. मी जात नाही. उद्या शाळेला तसं कळवा. मी इथेच आहे.”